मांडलिक

"खालसा करू नको, सत्या. मांडलिक कर," धर्मराज सर खुर्ची पुढं ओढत म्हणाले.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांचा एकच किल्ला उरला होता. चारी बाजूंनी नानांचं सैन्य. युरोपातल्या राजांचा हा खेळ नाना आणि सर परतूरच्या या घरात दोन वर्षं दर रविवारी, एकाच कॉम्प्युटरवर, आळीपाळीनं खेळत आले होते. "त्या माणसासंगं खेळता कसं?" असं नानांच्या लेकीनं, सत्यशीलानं, एकदा विचारलं, तर नाना हसून म्हणाले होते, "हितं तरी दोघं बरोबरीनं बसतो."

नानांना जाऊन महिना झाला होता. आज सर भेटायला आले, तेव्हा तीच म्हणाली, "डाव अर्धा राह्यलाय, सर. नानाच्या बाजूनं मी खेळते."

"तुझाच फायदा हाय, बेटा," सर वर्गातल्यासारखं समजावू लागले. "खालसा केलंस तर तिथली रयत बंड करती. शेजारचे राजे बिथरतेत. मांडलिक केलं तर सैन्य तुझ्या कामी अन् गादी माझ्याकडं. कुणाचंच नुकसान न्हाई."

"नानालाबी असंच समजावलं होतं का?"

स्वयंपाकघरात आईच्या हातातल्या कपबशा वाजायच्या थांबल्या.

शहाण्णव साली दोघांच्या शाळेतलं मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेनं नानांचं होतं. संस्थेचा निरोप सरांनीच आणला: बढती नको असं लिहून द्या, दहावीचा इतिहास शेवटपर्यंत तुमच्याकडंच राहील. नानांनी वळणदार अक्षरात नकारपत्र लिहिलं. तीन वर्षांनी, मुख्याध्यापक झालेल्या धर्मराज सरांनी वेळापत्रकातून तो तासही काढला. निवृत्त होईपर्यंत नाना पाचवीला चित्रकला शिकवत राहिले. त्यांना साधा आंबा काढता येत नव्हता.

सरांनी चष्मा काढून हातात घेतला. "खालसाच कर मंग," ते म्हणाले. "मोकळं तर कर."

महिनाभर तिनं तेच ठरवलं होतं. पण एवढ्यानं डाव संपला असता आणि सर उठून घरी गेले असते.

"न्हाई. मांडलिकच. दहा वर्षांनी मांडलिकाचं राज्य बिनलढाईचं गिळता येतं ना?"

"खेळातली दहा वर्षं म्हंजे सा म्हैने तरी लागतील."

"लागू द्या. दर रविवारी यायचं. बराबर दहाला."

तहाचा मजकूर पडद्यावर आला. तिनं माउस त्यांच्यापुढं सरकवला. "तुमच्या हातानं."

सरांनी चष्मा पुसून एकेक ओळ वाचली आणि मान्य केलं. नकाशावर त्यांच्या किल्ल्याभोवती नानांचा निळा रंग पसरला.

"आता चाल माझी ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"सांगते," म्हणत तिनं माउस काढून घेतला.

पुढच्या दोन चाली ती एकटीच खेळली. आईनं ठेवलेल्या चहावर साय धरली. सरांचा हात टेबलावर होता तिथंच राहिला, बोटं वाकलेली, अजून माउस धरल्यासारखी.