चौघांत आठ डोळे

नियम करणाऱ्यांच्या बापाचं काय जातं! ते गार खोलीत बसून लिहितात: समोरच्याच्या कमरेखाली धडकायचं असेल तर डाव सुरू होऊन चेंडू सुटल्या क्षणीच. थांबून, एक पाऊल घेऊन गुडघ्यात शिरलात तर दंड. नियम चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. पण ते एक पाऊल बघायचं कोणी? आमचा फुटबॉल हातात चेंडू घेऊन धावण्याचा आणि अडवणाऱ्यांना ढकलण्याचा. मैदानात बावीस दांडगी पोरं आणि आम्ही पंच चार. पाचवा होता लोवेल. एका बाईने किराणा दुकानात, त्याच्या नातीच्या देखत, त्याचा उद्धार केला. त्या दिवसापासून त्याने शिट्टीला हात लावला नाही.

नेब्रास्काच्या आमच्या टोकाला पंचच मिळत नाहीत, म्हणून शुक्रवारचा सामना शनिवारी दुपारी होता. खेळाआधी आम्ही दोन्ही प्रशिक्षकांना विचारतो, पोरांची हेल्मेटं, पट्टे नियमात आहेत ना. तसा मी रॉन सेडलाचेकला विचारायला गेलो.

"आहेत रे बाबा," रॉन म्हणाला. मग जवळ आला. "डुएन, एक ऐक. त्यांचा एकाहत्तर नंबर पायात शिरतो. माझा चव्वेचाळीस, एमेट हाउडेक, त्याचा गुडघा गेल्या वर्षी शिवलाय. डॉक्टर म्हणाला, पुन्हा गेला तर खेळ विसरा. एक डोळा ठेवशील त्याच्यावर?"

"ठेवतो की," मी म्हणालो.

प्रत्येक प्रशिक्षक असं काहीतरी सांगतो. आपण मान डोलवायची आणि सोडून द्यायचं, ही आमची रीत. मी मूर्ख, मी ते मनावर घेतलं.

अर्धा सामना मी चव्वेचाळीसला सोडलं नाही. एकाहत्तर एकदा वाकला, मी नुसता खाकरलो, तर सरळ झाला. मला वाटलं, जमतंय की! तेवढ्यात मध्यभागी एक पास आला. झेलला की जमिनीला लागला, हे बघणं माझं काम. मी बघतच नव्हतो. मुख्य पंच गेलन स्ट्रो लांबून धावत आला आणि अंदाजाने निकाल दिला. प्रेक्षकांतून आरडाओरडा झाला. "अरे आंधळ्या, घरी जा, मक्याला पाणी दे!"

गेलनने मला बाजूला घेतलं. "मधला चेंडू तुझा आहे, डुएन. आपण चौघं आहोत. तू पोरं राखत बसलास तर चेंडू कोण बघणार? माझी आई?"

त्याचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. मी मुकाट्याने माझ्या जागी गेलो.

शेवटच्या पंधरा मिनिटांत एमेटचा संघ अडवत होता, चेंडू हाती ठेवायला समोरच्यांना आठ यार्ड पुढे जायचं होतं, आणि त्यांचा पुन्हा मधूनच आखूड पास गेला. मी चेंडूबरोबर वळलो. पाठीमागून एक किंकाळी आली. वळून बघतो तो एमेट आडवा, पाय पोटाशी घेतलेला. त्याच्याजवळ समोरच्या संघाचे दोघं उभे, एकाहत्तर आणि सहासष्ट. माझा हात आपोआप खिशात गेला आणि दंडाचा पिवळा रुमाल मैदानात पडला.

गेलन आला. "कोण?"

"एकाहत्तर."

"पाहिलंस?"

मी खाली पडलेल्या रुमालाकडे बघितलं.

"पाहिलंस, की रॉन म्हणाला होता म्हणून? धडक आधी छातीला लागली की थेट पायाला? सहासष्ट तर नव्हता?"

"गेलन, पोराकडे बघ ना जरा!"

"बघतोय रे," तो हळू म्हणाला. "न पाहिलेल्याला दंड देता येत नाही. उचल."

सगळ्या गावासमोर मी वाकलो आणि तो रुमाल उचलला. पंचगिरीच्या तीस वर्षांत इतकी लाज वाटली नव्हती. प्रेक्षक काय ओरडले ते सांगत नाही. रॉन माझ्याकडे न बघता एमेटजवळ जाऊन बसला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्ट्रेचर माझ्या शेजारून गेलं. एमेटचं तोंड घामाने आणि मातीने भरलं होतं. त्याने माझी बाही धरली.

"सर, तो पास... झेलला का त्याने?"

"झेलला, बाळा."

"किती पुढे गेले?"

"सहा यार्ड. हवे होते आठ."

"म्हणजे अडवलं आपण?"

"अडवलंत. डावा पाय त्याने सदतिसाव्या यार्डाच्या रेषेवर टेकला आणि तिथेच पडला," मी म्हणालो. मला अगदी नीट दिसलं होतं.