घरची सुई

"आमच्या गावात कोणी दुसऱ्याची सुई घेत नाई मॅडम," माया उठून म्हणाली. "ज्याची सुई त्याच्या घरी."

आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी नागपूरहून आलेल्या डॉक्टर अदितींनी फळ्याकडून मान वळवली. हिपॅटायटीस सी रक्तातून पसरतो, एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचली की पसरतो, एवढं त्यांचं सांगून झालं होतं. नरखेड तालुक्यातल्या आशाताई माना डोलवत होत्या आणि माया त्यात सगळ्यांत पुढे होती. आपलं गाव शहाणं म्हणवून घ्यायची तिला मोठी हौस.

"घरी म्हणजे?"

"डब्यात ठेवतो. भैय्याजी, म्हणजे आमचे इंजेक्शनवाले, आले की डबा काढून द्यायचा. ते गरम पाण्यात धुतात अन् लावतात."

"आणि घरात ती कोणाकोणाला लावतात?"

"घरच्याइलेच," माया म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा आवाज खाली गेला.

सभागृहात कोणी हसलं नाही, कारण निम्म्या गावांत हेच चालत होतं. मागे कधीतरी एड्सच्या बातम्यांनी लोक घाबरले, तेव्हा भैय्याजींनीच ही युक्ती काढली होती. लोकांना ती पटली, अगदी अभिमानानं पटली. घरात तांब्या एक, कंगवा एक, तशी सुई एक. आपल्या माणसाचं कसलं आलंय भय?

"गरम पाण्यानं धुऊन हा विषाणू जाईलच असं नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "आणि घरातल्यांचं रक्तसुद्धा एक नसतं, माया."

पुढचं त्या बोलत होत्या ते मायाला तुकड्यातुकड्यानं ऐकू आलं. वर्षानुवर्षं काहीच कळत नाही. मग लिव्हर निबर होतं, पायांवर सूज येते, पोटात पाणी भरतं. पूर्वी ज्यांना रक्त चढवलं होतं त्यांची तपासणी आधी करा.

तिची सासू पार्वतीबाई. मायाच्या नवऱ्याच्या, विश्वनाथच्या जन्मावेळी तिला रक्त चढवलं होतं, हे ती आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची. अलीकडे तिचे पाय चपलांत मावत नव्हते. वय झालं, असं सगळे म्हणत, मायाही म्हणत असे. अशक्तपणा वाटला की पार्वतीबाई ताकदीचं इंजेक्शन घेई. आणि ताप आला की त्याच सुईनं तारा, मायाची लेक.

येष्टीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा मागे पळत होत्या आणि मायाला एकच वाटत होतं, गाडी पळत का नाही.

दारात भैय्याजींची मोटरसायकल उभी होती.

"पोरगी सकाळपासून तापून राहिली होती," पार्वतीबाई आतून म्हणाली. "विश्वनाथ तिकडे नागपूरजवळ वाडीले ट्रकवर, तू टरेनिंगले. मग बोलावलं भैय्याजीले. आताच लावली सुई."

तारा खाटेवर दंड चोळत बसली होती. माया तशीच उंबऱ्यात उभी राहिली.

"भैय्याजी, सुई कोणती लावली?"

"कोणती म्हणजे? तुमच्याच घरची," भैय्याजींना ते फारच लागलं. "येवढ्या वर्षांत याची सुई त्याले लावली नाई मी. बेइमान समजतं का वं मले?"

ते खरं बोलत होते, हेच भयंकर होतं. बेइमान माणसाशी भांडता येतं. या भल्या माणसाशी कसं भांडायचं? सुईचा डबा तेवढा तिनं उचलला आणि पुन्हा त्यांच्या हाती दिला नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर अदितींनी गावातल्या विहाराच्या सभागृहात तपासणी ठेवली. मायानं घरोघर जाऊन सांगितलं, चौकात उभं राहून सांगितलं. शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, सुईनं होतं. गोळ्यांनी बरं होतं, गोळ्या फुकट आहेत. लोकांनी ऐकून घेतलं आणि तपासणीच्या दिवशी सगळे अंगणात लांब उभे राहिले.

"दुसऱ्याइच्या घरचं मांगून पाह्यजो," शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या. "आधी आपल्या घरचं पाह्य."

तेव्हा पार्वतीबाई कोणाचाही हात न धरता उठली, सुजल्या पायांनी पायऱ्या चढली आणि खुर्चीवर जाऊन बसली. "घ्या माह्यं रक्त," ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की अंगणातल्यांनी ऐकलं. त्या क्षणी मायाला सासूचा जितका अभिमान वाटला तितका कधी वाटला नव्हता.

पट्टीवर आधी एक रेघ उमटली. मग दुसरी, नको होती ती.

"आता तारीचं," पार्वतीबाई म्हणाली. तिनं स्वतःच्या पट्टीकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही.

ताराचं बोट टोचलं. रक्ताचा थेंब पट्टीवर पसरत गेला. एक रेघ आली. दुसऱ्या रेघेची जागा पांढरीच होती, आणि माया श्वास सोडणार तोच तिथं फिकट गुलाबी काहीतरी दिसू लागलं. हळूहळू ते गडद झालं.

"पक्कं निदान नागपूरच्या तपासणीनंतर," डॉक्टर अदिती म्हणाल्या. "विषाणू निघालाच तरी तारा बरी होईल. हे मी तुला खात्रीनं सांगते."

"अन् आई?"

डॉक्टरांनी पार्वतीबाईच्या पायांकडे पाहिलं. "विषाणू जाईल," त्या म्हणाल्या. "लिव्हरचं किती उरलंय ते बघावं लागेल."

पार्वतीबाईनं ते सगळं ऐकलं होतं. ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. बोटावर कापूस दाबून तारा तिच्यामागे धावली आणि नेहमीसारखी मांडीत शिरायला गेली. पार्वतीबाईनं पदर ओढून घेतला, दोन्ही हात पदराखाली घेतले आणि थोडी सरकून बसली.

"आई, घ्या ना तिले जवळ," माया दारातून म्हणाली. "शिवून नाई होत. मीच सांगून राहिली ना साऱ्या गावाले."

"समजलं मले," पार्वतीबाई म्हणाली. "तू सांगतं ते खरंच असन. पण हात पुढे होत नाई वं."

आत कुसुमताईंचं नाव पुकारलं गेलं. तारा थोडा वेळ आजीसमोर तशीच उभी राहिली, मग आईकडे आली.