तहानेच्या रांगेतला ऊस

निकेतचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. मे महिना होता. हळदीच्या दिवशी नवरदेवाचा आजा, चांगदेव, बँडच्या तालावर चार पावलं नाचला आणि मांडवातच मटकन खाली बसला. लोकांना वाटलं, म्हातारा दमला. कुणी म्हणालं, जास्त घेतली असेल. चांगदेव दारूला शिवत नसे, पण हळदीच्या गर्दीत ते कुणाला पटवायचं? लग्न पार पडलं, पूजा झाली, आणि त्याच आठवड्यात अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत.

तेव्हापासून त्याचा मुलगा, निकेतचा बाप कमलेश, त्याला आठवड्यातून दोनदा टेम्पोत बसवून अलिबागला नेऊ लागला. तिथं यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं आणि पडल्या अंगानं परत यायचं. तेवढं चांगदेव सोसत होता. सोसत नव्हतं ते पाणी. दिवसाला एक तांब्या, त्यातच चहा आणि त्यातच औषधाचे घोट, असं डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. जास्त प्यायलं तर ते पाणी बाहेर जायला वाट नाही, छातीत साठेल आणि माणूस गुदमरेल, हे त्यांनी कमळला समोर बसवून समजावलं होतं. कमळ त्याची बायको. तांब्या तिच्याच हातात आला.

चौलच्या वाडीत ज्यानं उभा जन्म सुपारीला आणि नारळाला पाणी फिरवलं, तो आता ओटीवर बसून विहिरीच्या रहाटाकडे बघत राही. दुपार झाली की म्हणे, "घोटभर दे गो." कमळ म्हणे, संध्याकाळला ठेवलंय. तो म्हणे, "संध्याकाळ कोनी बघितली?" ती आत निघून जाई. आत जाऊन काय करी, तर चुलीपाशी उभी राही. तिला स्वतःला तहान लागली तरी ती त्याच्यासमोर कधी पाणी पीत नसे.

निकेतची धाकटी बहीण कल्पिता मुंबईला शिकत होती. सोमवारी मांडव्याहून बोट पकडायची आणि शनिवारी परत यायची. तिचा अभ्यास उसावर होता. उसाच्या अंगात जनुकांची घराणी असतात, त्यातलं एक घराणं झाडाला तहानेच्या वेळी सांभाळतं, ते ती शोधत होती. आणि त्यासाठी तिनं निवडला होता घरचाच ऊस.

विहिरीच्या कडेला जांभळ्या सालीच्या देशी उसाचं एक बेट होतं. चांगदेवाच्या बापानं लावलेलं. तुळशीच्या लग्नाला आळीतली माणसं त्यातलीच कांडी नेत. ऊस इतका टणक की चांगदेव म्हणायचा, दात पडंल पन पेर तुटायचं न्हाय. कल्पिता लहान असताना तो तिला सांगे की एका वर्षी समुद्र बांध फोडून वाडीत शिरला, पुढं उन्हाळाभर विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं, केळी गेल्या, पानवेल गेली, पण हे बेट हललं नाही. तेच ऐकत पोरगी मोठी झाली होती. तिच्या मॅडमनी अभ्यासाला विषय विचारला तेव्हा तिनं दुसरं काही सुचवलंच नाही.

निकेतच्या लग्नानंतर पाऊस लागताच तिनं अंगणाच्या टोकाला निळी पिंपं मांडली. निम्म्यात घरचा ऊस, निम्म्यात कारखान्याला जातो तो घाटावरचा. तुळशीचं लग्न झाल्यावर तिनं पिंपांच्या दोन रांगा केल्या, प्रत्येकीत दोन्ही ऊस. एका रांगेला पाणी रोज, दुसऱ्या रांगेला अजिबात नाही. पाणी घालायचं काम आजीवर सोपवलं, कारण आठवडाभर ती इथं नसे आणि आजोबाला उठवत नसे. जाताना बजावून गेली, या रांगेला थेंबसुद्धा नको.

रांगा केल्या त्या संध्याकाळी तिनं कमळला सगळं नीट सांगितलं होतं. फार फार जुन्या काळी, माणूस नव्हता तेव्हा, गवताच्या अंगात एक जनुक होतं. त्याच्या दोन प्रती झाल्या, दोनाच्या चार. सगळ्या एका आईच्या बहिणी, पण पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या राहून प्रत्येकीचं काम वेगळं झालं. एक तहानेला जागते, एक खारटाला, एक थंडीला. नदीकाठच्या रानगवताशी उसाची सोयरीक झाली तेव्हा तिकडच्या बहिणीही या घरात आल्या. काही नुसत्या बसून असतात.

"बसून खातात?" कमळनं विचारलं.

"बसून असतात. पण झाड त्यांना टाकत नाही. कधी उपयोगाला येतील सांगता येत नाही."

चांगदेव ओटीवरून म्हणाला, "म्हंजे माज्यासारख्या." आणि स्वतःच हसला.

पहिले काही दिवस काही झालं नाही. मग कोरड्या रांगेतली पानं दुपारी सुरळी होऊ लागली, आणि पुढं पुढं सकाळीही उलगडेनात. खालची पानं कागदासारखी वाजायला लागली. कमळ ओल्या रांगेला पाणी घालायला जाई तेव्हा ती कोरडी रांग तिच्याकडे बघते आहे असं तिला वाटे. हातात भरलेली कळशी घेऊन तहानलेल्या झाडासमोरून जायचं आणि थांबायचं नाही, हे तिनं जन्मात केलं नव्हतं.

एका दुपारी चांगदेव फार कासावीस झाला. अलिबागहून येऊन पडला होता, ओठ फुटले होते. त्यानं पाणी मागितलं आणि तिनं नाही म्हटलं. त्यानं पुन्हा मागितलं. मग म्हणाला, उसाचं एक पेर तरी दे, नुसतं चघळतो. तेही डॉक्टरांनी बंद केलेलं. ती म्हणाली, न्हाय. तो भिंतीकडे तोंड करून निजला आणि ती कळशी उचलून बाहेर आली. ओल्या रांगेला घातलं. कळशीत थोडं उरलं होतं. ते तिनं कोरड्या रांगेतल्या घरच्या उसाच्या बुडाशी ओतलं. माती चुरचुरली, आणि तिला फार दिवसांनी बरं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. चांगदेवाला नाही म्हणायचं आणि उसाला द्यायचं. घाटावरच्या उसाला मात्र तिनं थेंब दिला नाही. तो कुणाचा कोण. त्याच्यासाठी तिचं मन तुटत नव्हतं.

शनिवारी कल्पिता येई, मातीत सुई खुपसून ओल मोजी, पानं कापून ती गोठून राहावीत म्हणून वाफाळणाऱ्या थंडगार डब्यात घाली. घाटावरचा ऊस वाळून चालला होता आणि घरचा हिरवा उभा. मातीत जराशी ओलही दिसे. त्यावर तिनं ताडलं की या उसाची मुळं ओल धरून ठेवतात. ती इतकी हरखली की कमळला खरं सांगायचा धीर होईना. या शनिवारी सांगू, पुढल्या शनिवारी सांगू, असं करत तो प्रयोग संपला.

आणि चांगदेवाला जीव आला. कल्पितानं त्याला हिरवी पानं आणून दाखवली तेव्हापासून तो उठून बसू लागला. अलिबागला यंत्रावर पडल्या पडल्या शेजारच्या रोग्यांना ऊस सांगू लागला. जेवण दोन घास वाढलं. घराला वाटलं, औषध लागू पडतंय. कमळला माहीत होतं, काय लागू पडतंय ते.

पानांचा अहवाल आला तो माघात. कल्पिता बोटीवरून थेट ओटीवर आली. अहवालात एक कोडं निघालं होतं. घाटावरच्या उसात तहानेच्या सगळ्या बहिणी जाग्या झाल्या होत्या, धडपडत होत्या. घरच्या उसात एकही जागी झाली नव्हती. झाडाला जणू कळलंच नव्हतं की पाणी तोडलंय.

"मॅडम म्हणतात, यात कुणी न पाहिलेली बहीण असेल," कल्पिता म्हणाली. "तीच एकटी सांभाळते, म्हणून बाकीच्यांना उठावंच लागत नाही. आजोबा, तुमच्या उसात काहीतरी वेगळं आहे."

चांगदेवाचे डोळे भरले. कमळ दारात उभी होती. न पाहिलेली बहीण कोण, ते तिला माहीत होतं.

तरीही ती तेव्हा बोलली नाही. नवऱ्याचा चेहरा बघून बोलली नाही. किती दिवस उरलेत त्याचे, तिनं मनाशी म्हटलं, जाऊ दे त्याला या आनंदात.

पण पुढच्या शनिवारी विनेश आला. चांगदेवाच्या बहिणीचा मुलगा, तळा गावचा. त्याची जमीन उंचावर, विहीर होळीआधीच तळ गाठते. मामानं फोन करून सांगितलं होतं की बिनपाण्याचा ऊस आहे, ये आणि लावायला बेणं घेऊन जा. विनेश टेम्पो घेऊनच आला. भाताच्या खाचरावर यंदा ऊसच लावतो, ट्रॅक्टरचं भाडं आगाऊ देऊन जमीन नांगरूनही ठेवली, असं हसत हसत सांगू लागला. कोयता काढला. चांगदेव त्याला ओटीवरून दाखवत होता, कुठलं पेर घ्यायचं आणि डोळा कसा बघायचा. कल्पिता म्हणत होती, थोडं थांब, अजून एकदा तपासायचंय. चांगदेव म्हणाला, तपासायचं काय त्यात, मी सत्तर वर्षं बघतोय.

विनेशनं पहिली कांडी तोडली तेव्हा कमळ अंगणात उतरली.

"ठेव तो कोयता," ती म्हणाली. "त्या उसाला मी पानी घालत होते."

कुणाला कळलं नाही. विनेश म्हणाला, "घालणारच ना मामी, उसाला पाणी..."

"कोरड्या रांगेला. रोज दुपारचं. आपल्याच उसाला, त्या दुसऱ्याला न्हाय."

कल्पिता पायरीवर बसली. ती रडली नाही की ओरडली नाही.  मग एकच विचारलं, "का, आजी?"

कमळला उत्तर होतं, पण ते नवऱ्यासमोर देता येत नव्हतं. ती म्हणाली, बघवत नव्हतं. विनेशनं कोयता पुसून टेम्पोत ठेवला. नांगरलेल्या जमिनीत आता काय लावू, हे तो जाताना पुटपुटला, पण मामीच्या पाया पडून गेला.

 शेवटी चांगदेव कल्पिताला हाक मारून म्हणाला, "पुन्ना लाव. बेट हाय अजून. या खेपेला आजीला जवळ येऊ देऊ नको, म्हंजे झालं." पोरगी ओल्या डोळ्यांनी हसली, आणि मॅडमना फोन करायला माडांकडे गेली.

ओटीवर दोघंच राहिली. कमळनं त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. त्यानं तिचा हात बाजूला केला. रागानं नव्हे, अगदी हळू.

"उसाला दिलंस," तो म्हणाला. "मना न्हाय दिलंस."

ती म्हणाली, "तुमाला दिलं असतं तर तुमी गेले असता."

"व्हय. ठाऊक हाय मना." तो वाडीकडे बघत होता. "पन त्यो ऊस होता, कमळ. मी मानूस."

 ती शेजारी बसून राहिली.

त्या दिवसापासून त्यानं पाणी मागितलं नाही. ती भांडं पुढं करी, तो जेवढं असेल तेवढं पिई आणि भांडं परत देई. ती दुपारभर ओटीच्या आसपास घुटमळे, त्यानं एकदा तरी मागावं म्हणून. त्यानं मागितलं असतं तर तिनं दिलं असतं की नाही, हे तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

कल्पिताच्या मॅडमनी वर्ष वाया गेल्याचं सांगितलं आणि नवा प्रयोग कॉलेजच्याच आवारात करायला लावला. होळी झाल्यावर कमलेशनं बेटातलं बेणं पोत्यात भरून बोटीवर चढवलं. विनेशनं नांगरलेल्या जमिनीत काकडी लावली, ती निम्मी हाती लागली.

चांगदेव दोन हजार चोवीस सालच्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, सोमवती अमावास्येला, सकाळी आपल्या घरी वारला. त्याचं वय अठ्ठ्याहत्तर होतं. कमळ त्याच्याजवळ होती.