कुलपाला बीपी नसतं

भट्टीमागच्या वस्तीत जिला सगळे आत्या म्हणतात, तिचं आणि माझं भांडण खडूवरून झालं.

मी आरोग्य उपकेंद्रातली नर्स. माझी पद्धत अशी : घरभेटीला गेलं की दारावर खडूनं तारीख टाकायची. माणूस भेटलं तर पुढं बरोबरची खूण, कुलूप असलं तर फुली. ओळीनं तीन फुल्या झाल्या की नोंदवहीत त्या घरापुढं ‘असहकार’ लिहायचं. वीटभट्टीच्या मागं चौदा घरं, आणि चौदाच्या चौदा असहकारी. हे मी इतक्या सुबक अक्षरात लिहिलं होतं की साहेबांनी बैठकीत वही उंच धरून सगळ्यांना दाखवली. उंटावरून शेळ्या हाकायचं बक्षीस असतं तर तेही मलाच मिळालं असतं.

वस्तीत मी पोचायचे अकरा वाजता. त्याआधी वरच्या आळीत बसणं व्हायचं. तिथं खुर्ची मिळायची, चहा मिळायचा. तिथल्या निवृत्त मास्तरांचा रक्तदाब वर्षभर एकशेवीस-ऐंशीवरून हलला नव्हता, पण दर आठवड्याला तो मोजून घेतल्याशिवाय ते मला उठू देत नसत.

त्या दिवशी पायावर वीट पडली म्हणून आत्या घरी होती. मी शेजारच्या दारावर फुली मारत होते. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, “बाई, महिन्यातून दोनदा येऊन त्या कुलपाला विचारता तरी काय?”

मी पद्धत समजावून सांगितली. मला समजावून सांगायला फार आवडतं. तीन फुल्यांचा अर्थही सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे आम्ही दिवस उगवायला भट्टीवर जातो, तो आमचा असहकार. बरं. मग कुलपाचं बीपी किती भरलं?”

मी म्हटलं, वेळा वरून ठरतात, नियम काही माझे नाहीत. त्यावर ती हसली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तणतणत निघाले, खडू तिच्या ओट्यावरच राहिला. तिच्या सुजलेल्या पायाला मलम लावावं, हे मला सुचलंसुद्धा नाही. ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नऊ वाजता उपकेंद्र उघडायला गेले, तर दारावर माझ्याच कुलपाशेजारी तीन फुल्या. तारखा नव्हत्या. आत्याला लिहिता येत नाही, फुली मारता येते.

फडकं कुठं आहे, हा माझा पहिला विचार. दुसरा जरा सावकाश आला : तीन वेळा इथं कुणीतरी आलं होतं आणि मी नव्हते.

तशीच भट्टीवर गेले. आत्या लंगडत विटा रचत होती. मान वर न करता तिनं सांगितलं. थोरल्या सुनेला आठवा लागलाय, तोंड सुजलंय, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे येतात. कामावर जायच्या आधी तीन दिवस तिला घेऊन आली होती, फुल्या मात्र आज एकदम मारल्या. आता सून नळावर आहे, पाणी दिवसाआड येतं, आज यायचंय.

रांगेत सून पाचवी होती. तिथंच दगडावर बसवून पट्टा बांधला. एकशेसत्तर-एकशेदहा. पुन्हा मोजला. यंत्र बिघडलेलं असावं अशी माझी फार इच्छा होती. ते ठणठणीत होतं.

डॉक्टरांना फोन करून गोळी दिली, गाडी बोलावली. तिला म्हटलं, मोठ्या दवाखान्यात आत्ताच जायला हवं, झटके आले तर दोघांच्या जिवावर बेतेल. तिनं रिकाम्या घागरींकडं बघितलं. “नंबर गेला तर परवापर्यंत घरात थेंब नाही.”

तेवढ्यात मागून आत्या आली. “नंबर बाई धरतील,” ती म्हणाली आणि सुनेला घेऊन गाडीत बसली.

मग मी दोन घागरी घेऊन रांगेत उभी राहिले. माझ्या मागची म्हणाली, पाणी येईस्तोवर नुसत्याच उभ्या आहोत, तर माझाही दाब बघा. मग तिच्या मागचीचा. तासाभरात नऊ जणींचा बघून झाला. वर्षभरात त्या वस्तीत बघितले होते त्यापेक्षा नऊ जास्त. दोघींचा वाढलेला निघाला. घागरी घरी पोचवल्या तेव्हा अर्धं पाणी माझ्या साडीत होतं आणि बायकांची हसून हसून पुरेवाट झाली होती.

सून वाचली, चिमुकली पोरगीही वाचली. बैल जायच्या आत झोपा झाला, पण झोपा करणारी मी नव्हे.

आता मी आठवड्यातून दोनदा पहाटे साडेपाचला उपकेंद्र उघडते आणि पाण्याच्या दिवशी नळावर असते. साहेबांनी वही परत पाठवली. नळाला घर क्रमांक नाही, सबब या तपासण्या घरभेटीत धरता येत नाहीत. कागदावर माझं काम घसरलंय. मास्तरांनीही तक्रार केली आहे; दोन आठवडे दाब मोजला नाही, त्या काळजीनंच तो वाढला असणार म्हणतात.

खडू अजून आत्याकडंच आहे. काल नळावर पोचायला मला दहा मिनिटं उशीर झाला. भिंतीवर ताजी फुली होती. मी पदरानं पुसायला गेले, तर आत्यानं माझा हात धरला.

“राहू दे. अजून दोन बाकी आहेत,” ती म्हणाली. “चल, घागर धर.”