भिंतीचा कान

ही गोष्ट एकोणीसशे एकतीस सालची. माझा जन्म त्याच्याही पुष्कळ आधीचा, पण मला विचाराल तर मी खरा जगलो तो त्याच वर्षी.

मित्रांनो, मी एक जुने भोक आहे. हसू नका. घड्याळ आपली कहाणी सांगते, छत्री सांगते, मग भोकानेच काय घोडे मारले आहे? भिंतीलाही कान असतात असे तुम्ही म्हणता ना? एका सरकारी कचेरीच्या दगडी भिंतीचा तो कान म्हणजे मी.

मला घडवले एका पाथरवटाने. कचेरीत इंग्रज साहेब बसत असे आणि त्याला उकाडा सोसत नसे. म्हणून त्याच्या डोक्यावर छताला एक लांबलचक कापडी पंखा टांगला. पंख्याची दोरी बाहेर न्यायची होती, म्हणून पाथरवटाने छिन्नीने भिंतीला आरपार भोक पाडले. फुंकर मारून माझ्यातली धूळ उडवली आणि म्हणाला, "झालास बाबा. आता दोन्हीकडचं बघत बस."

तेव्हापासून माझ्या एका तोंडाशी साहेबाची खोली आणि दुसऱ्या तोंडाशी व्हरांडा. आत हुकूम सुटत, बाहेर माणसे ताटकळत. दोरीच्या बाहेरच्या टोकाला एक माणूस बसलेला असे. त्याने दोरी ओढली की आत वारा. दिवसभर वारा घालणाऱ्याला स्वतःला मात्र त्यातली एक झुळूकही लागत नसे. राज्य म्हणजे काय हे मला कोणी शिकवले नाही. मी ते दोन्ही तोंडांनी पाहिले.

साहेबाची एक अट होती. पंखेवाला बहिरा हवा. आत सरकारी खलबते चालत, ती बाहेर ऐकू जायला नकोत. माझ्यात बोळा कोंबावा तर दोरी अडकते, म्हणून माणसाचेच कान बुजलेले हवेत.

एके दिवशी कामाच्या शोधात एक माणूस आला. कान तिखट, पण घरात चूल थंड. येण्याआधी त्याची बायको त्याला म्हणाली होती, "एवीतेवी तुम्ही माझं ऐकत नाहीच. तिथं कुणाचंच ऐकू नका, म्हणजे झालं." शिपायाने त्याच्या पाठीमागे पितळी परात आपटली. तो ढिम्म हलला नाही. काम मिळाले आणि त्याच्यावर नाव पडले, बहिरोबा.

बहिरोबा भिंतीला पाठ टेकून बसे, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधी आणि पाय पुढेमागे करी. डोळे मिटले तरी पाय चुकत नसे. लोक त्याच्यासमोर वाटेल ते बोलत. शिपाई त्याला तोंडावर शिव्या देत आणि तो हसून मान डोलावी. मला मात्र पहिल्याच दिवशी कळले होते. आत कोणी विनोद केला की दोरीला किंचित झटका बसे.

त्या साली गावातल्या शाळामास्तरांनी चौकात उभे राहून सांगितले, "आपलं राज्य आपल्याला चालवता येतं." एवढेच. पण साहेबाला ते झोंबले. त्याने फौजदाराला बोलावले. फौजदाराचे इंग्रजी आणि साहेबाचे मराठी, दोन्ही सारखीच लंगडी. म्हणून मध्ये शिरस्तेदार बसले. शिरस्तेदार म्हणजे कचेरीतले सर्वांत मोठे कारकून. त्यांनी साहेबाचा हुकूम आपल्या भाषेत फोडून सांगितला, "सोमवारी पहाटे मास्तरांना घरातून उचला. कुणाला वास लागता कामा नये."

दोरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

बहिरोबाची थोरली लेक शिकली होती ती याच मास्तरांच्या हाताखाली. पंखेवाल्याची मुलगी म्हणून शाळेने तिला दारात अडवले, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "ती शाळेबाहेर बसणार असेल तर मीही बाहेर बसून शिकवतो." बहिरोबा ते विसरला नव्हता.

सोमवारी फौजदार गेला तर घराला कुलूप. साहेब लालबुंद. खोलीत तिघेच होते, मग बातमी फुटली कशी? तिघांपैकी साहेब तर स्वतः साहेब. फौजदार स्वतःच फसून रिकाम्या हातांनी आलेला, त्याच्यावर संशय कोण घेणार? उरले शिरस्तेदार. तेवढ्यात त्यांची नजर वर गेली.

"साहेब," ते म्हणाले, "त्या दिवशी मी बोलत असताना पंखा थांबला होता."

मित्रांनो, त्या क्षणी मला बुजून जावेसे वाटले.

मग त्यांनी जी परीक्षा ठरवली ती परातीची नव्हती. बहिरोबाची तीच लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि त्या दिवशी सकाळपासून तिच्या कळा सुरू होत्या. शिरस्तेदारांना ते ठाऊक होते, कारण बहिरोबाची बायको त्यांच्याकडे धुणीभांडी करी आणि त्या दिवशी तिने दांडी मारली होती. ते साहेबाच्या टेबलाशी वाकले आणि हलक्या आवाजात, पण आपल्या भाषेत म्हणाले, "वाईट झालं, साहेब. पंखेवाल्याची पोर गेली. मूलही गेलं."

साहेब पढवल्यासारखा म्हणाला, "त्याला बोलायचे?"

"आत्ता नको. कचेरी सुटल्यावर सांगू."

दोघांनी वर पाहिले.

पंखा हलत होता. तितकाच, तसाच.

वरून तसाच. पण ती दोरी माझ्यातून जात होती, म्हणून खरे काय ते मला ठाऊक. ती तारेसारखी ताणली होती. माझ्या काठाला अशी करकचून घासत होती की दगडाची भुकटी पडली. उठून घराकडे धावावे असे त्याच्या अंगातला कण न् कण सांगत होता. पण तो उठला असता तर मास्तर, बायको आणि मास्तरांना लपवणारे घर, सगळे त्याच दोरीला बांधून ओढले गेले असते. बातमी खोटी असेल. आणि खरी असेल तर? तो पाय हलवत राहिला. आपल्या भाषेत दोरी खेचण्याला ओढ म्हणतात आणि जीव तुटण्यालाही ओढच म्हणतात. दोन्ही एकच कसे, ते मला त्या दिवशी समजले.

दुपार झाली आणि व्हरांड्यात चपलांचा फटफट आवाज आला. बहिरोबाची बायको धावत आली होती. पदर सुटलेला, केस विस्कटलेले. बहिरोबाने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि दोरी थरथरली. बहिऱ्याशी बोलावे तसे ती कचेरीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अहो, नात झाली, नात!"

आता नुसते हसू फुटले असते तरी सगळे संपले असते. बहिरोबाने कानामागे हात धरला.

"काय? रात झाली?"

"नात हो, नात!"

"रात? काहीतरीच तुझं. ऊन तर डोक्यावर आहे."

आधी शिपाई हसला, मग ताटकळणारी माणसे. शिरस्तेदारांनी दोघांतले बोलणे साहेबाला समजावले तेव्हा साहेबही हसला. म्हणाला, "हा तर दगड आहे." बायकोने हवेत छोटीशी वेणी घालून दाखवली, दोन्ही हातांचा पाळणा केला, घराच्या दिशेने बोट करून तोंडाला घास लावला. म्हणजे लेक उठून जेवतेसुद्धा आहे. तेव्हा कुठे 'दगडा'ला कळले आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. नात झाल्यावर रडायला बहिऱ्याला काय हरकत?

त्या दुपारी पंखा असा काही हलला की साहेबाचे कागद खोलीभर उडाले. साहेब ओरडत राहिला. पण बाहेरचा माणूस बहिरा होता.

व्हरांडा रिकामा झाल्यावर बहिरोबाने ओठ न हलवता विचारले, "मास्तर?"

"शिरस्तेदारांच्या माळ्यावर," बायको म्हणाली. "त्यांच्या आत्याबाईंनी ठेवून घेतलंय. म्हणाल्या, भाच्याला गुडघेदुखी, तो काही शिडी चढत नाही."

मी बाई-माणूस असतो तर पदर तोंडाला लावून हसलो असतो.

पुढे राज्य बदलले. साहेब आगबोटीत बसून आपल्या देशी गेला आणि पुन्हा त्याची खबर आली नाही. तो गेला त्या दिवशी शिरस्तेदार व्हरांड्यात आले आणि बहिरोबाच्या कानात जीव खाऊन ओरडले, "अरे, साहेब गेले रे!"

बहिरोबाने दोरी सोडली. "हळू बोला, ऐकू येतं," तो म्हणाला.

शिरस्तेदार मटकन बाकावर बसले. काय काय आठवले असेल त्यांना? त्यांनी एवढेच विचारले, "तो दिवसही?" बहिरोबा म्हणाला, "तो दिवसही." मग दोघे एकाच बाकावर शेजारी बसून राहिले. आत पंखा थांबला होता आणि कोणी ओरडत नव्हते.

साहेब गेला, पण 'साहेब' हा शब्द राहिला. खुर्चीत जो बसेल त्याला तो चिकटे. दार पुन्हा लोटलेलेच आणि माणसे पुन्हा बाहेर ताटकळलेली. विजेचा पंखा आला, दोरी गेली. एका नव्या साहेबाने तर माझ्यात चिंध्यांचा बोळा कोंबला. तो काळ मी मोजत नाही.

मास्तर साहेबाच्याच काळात पुढे एकदा पकडले गेले, सुटले आणि परत शाळेतच रुजू झाले. आत्याबाई म्हाताऱ्या होऊन, भाच्याला शेवटपर्यंत काही न सांगता गेल्या. शिरस्तेदार निवृत्त झाल्यावर रोज व्हरांड्यातल्या त्याच बाकावर येत आणि अडल्यानडल्यांना अर्ज फुकट लिहून देत. बहिरोबाला कचेरीत शिपायाची जागा मिळाली. त्याची बायको शेवटपर्यंत तक्रार करी की हे अजून माझे ऐकत नाहीत. लेक मास्तरांच्याच शाळेत शिकवू लागली.

आणि नात? आजोबा तिला आयुष्यभर 'रात' म्हणूनच हाक मारत. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. दूरदूरच्या माणसांची बोलणी जोडत तिने सगळी नोकरी कानावर काढली.

मध्यंतरी कचेरीचे वाचनालय झाले. गवंडी मला सिमेंटने बुजवायला आला तेव्हा हीच नात, आता पांढऱ्या केसांची बाई, तिथे पेपर वाचत होती. ती उठली, चिंध्या ओढून काढल्या आणि माझ्या काठावर दोरीने पडलेल्या खोबणीत बोट फिरवले. "हे असू दे रे," ती म्हणाली. "इथून तुमची ती कॉम्प्युटरची वायर न्या. जागा तयारच आहे."

आता माझ्यातून वायर जाते आणि आतल्या खोलीचे दार दिवसभर उघडे असते. मित्रांनो, जुन्या भिंतींची डागडुजी जरूर करा. पण दिसेल ते भोक बुजवू नका. आणि आत वाऱ्यात बसाल तेव्हा दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते एकदा बाहेर येऊन बघा. त्याला ऐकू येत असते.

संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या वेळी ती बाई माझ्याशी वाकते. आसपास कोणी नाहीसे पाहून माझ्या तोंडाशी तोंड नेते आणि हळूच म्हणते, "आजोबा, रात झाली."