आम्ही एकच तर देत होतो

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. कोपरा चेपलेला, रंग उडालेला. नाक मुरडू नका! कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या झाकणावर गुलाब होते आणि पोटात बिस्किटं. एका शिंप्याच्या घरी आलो, बिस्किटं बघता बघता फस्त झाली आणि मग माझ्यात औषधं राहू लागली. घरात कोणी शिंकलं की हाक यायची, "अगं, दवाखाना आण!" तो दवाखाना म्हणजे मी. काय ऐट होती माझी!

आमचे शिंपीदादा भारी टापटिपीचे. औषधांची खोकी माझ्यात मावत नसत, म्हणून ते खोकी फेकून द्यायचे. गोळ्यांची पाकिटं कापडाच्या कात्रीनं कडेनं छाटून सारखी करायचे आणि रचून ठेवायचे. वाकडी कड त्यांना खपायचीच नाही. पण आत कोणतं औषध आहे हे त्या कडेवरच छापलेलं असायचं, आणि तीच कचऱ्यात जायची. मग घरात रंगावरून नावं पडली. पिवळी गोळी सर्दीची, पांढरी तापाची. लिंबाच्या वासाची पूड गरम पाण्यात ढवळून प्यायची, ती अंगदुखीची.

एका वर्षी शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशांचा ढीग पडला होता आणि दादांना सर्दी-तापानं गाठलं.

"पडा ना जरा," बायको म्हणाली.

"मला काय धाड भरलीये? एवढे गणवेश होऊ देत, मग लोळतो."

बायको लॉन्ड्रीत कामाला जायची. जाण्याआधी आणि आल्यावर ती पिवळी गोळी द्यायची. दिवसभर लेक घरी असायची, ती पांढरी द्यायची. खांदे ठणकले की दादा स्वतःच पूड ढवळून प्यायचे. "माझ्या पोटात औषधाचं दुकान उघडताय की काय!" असं म्हणून हसायचे आणि मुकाट गिळायचे. जेवण जात नव्हतं. ताप उतरला की मशीनवर, चढला की पुन्हा माझं झाकण उघडायचं. असे कितीतरी दिवस गेले. दोघींचा जीव तुटत होता, म्हणून तर देत होत्या. पण कुणी कुणाला विचारलं नाही.

मग उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे पडले. त्यांना इस्पितळात नेलं, सोबत पिशवीतून मलाही. डॉक्टरांनी मला टेबलावर रिकामं केलं.

"यावरची नावं कुठं गेली?"

लेक धावत दुकानात गेली आणि तिन्ही औषधांची नवी खोकी घेऊन आली. डॉक्टरांनी ती वाचली आणि खुर्चीत बसले.

"ताई, तिन्हींत एकच औषध आहे, पॅरासिटामॉल. बेतानं घेतलं तर गुण येतो. यांच्या पोटात ते तीन वाटांनी गेलंय. यकृत निकामी झालंय."

"मी एकच देत होते हो," बायको म्हणाली.

"मी पण एकच देत होते, आई."

दादा त्या दुखण्यातून उठले नाहीत. अर्धवट शिवलेला सदरा मशीनवर तसाच राहिला.

पुढे मी कपाटावर धूळ खात पडलो. माझ्याकडे बघवत नसे त्यांना. मलाही फार वाईट वाटायचं, पण डब्याला कुठं रडता येतं? लेकीला मूल झालं तेव्हा तिनं मला खाली काढलं, घासून पुसलं. आता माझ्यात खोकी अख्खी राहतात, आतल्या चिठ्ठीसकट. थोडीच मावतात, मावू देत. कात्री माझ्याजवळ येत नाही. नवं औषध घेताना लेक दुकानदाराला विचारते, "यात काय काय आहे? आधीच्या औषधाबरोबर चालेल ना?"

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्यातल्या औषधांवरची नावं जपा, मोठ्यांकडून वाचून घ्या. आणि झाकण उघडण्याआधी आमची लेक विचारते तसं विचारा.

"आधी कुणी काही दिलंय का?" ती घरभर ऐकू जाईल अशी ओरडते.

आतल्या खोलीतून आई हातातलं काम टाकून दारात येते. "मी नाही दिलं गं," ती म्हणते, आणि लेक मान हलवेपर्यंत तिथून हलत नाही.