दीड बोट माया

आमच्या दुकानात बोलायचं काम माझं आणि गप्प बसायचं दादाचं, अशी वाटणी फार पूर्वीच झालेली आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गल्ली त्याला मास्तर म्हणते. कापड बेतायचं, कापायचं, शिवायचं हे त्याच्याकडे. काज-बटणं, तुरपाई आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडे. वहिनीच्या हातातही सुईच असते, पण ती दवाखान्यात नर्स आहे. तिच्या सुईला लोक घाबरतात. आमच्या सुईला मात्र कोणी भीक घालत नाही, येता-जाता नुसतं विचारतात, "उद्या देताय ना नक्की?"

ज्यांनी आयुष्यात कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढतं, बाईचं अंग सुटतं, बापाचं पोट पुढे येतं. तेव्हा जुनी टीप उसवायची, आतली माया सोडायची, की तोच कपडा पुन्हा अंगाला येतो. दुकानात टांगलेल्या तयार कपड्यात माया नसते. कंपनीचं कापड वाचतं आणि तुम्ही वर्षभरात नवा कपडा घ्यायला हजर होता. आमचा दादा दीड बोट माया ठेवतो. फार बारीक माणूस आला तर दोन बोटं. "खाईल पुढे," म्हणतो, आणि बहुतेक सगळे खातातच.

तर या दादाची एकुलती एक मुलगी म्हणजे आमची भिंगरी. हे नाव मी ठेवलं, कारण ती लहानपणापासून एका जागी बसलेली कोणी पाहिलेली नाही. दुसऱ्या शहरात जाऊन ती कपड्यांचं शिक्षण घेऊन आली आणि आल्या आल्या आमच्या डोक्यावर बसली. कपडा लांबून का आणायचा? विणणारी मावशी कोपऱ्यावर, रंगारी समोर, शिवणारे आपण. मग इथेच करू, असा करू की दहा वर्षं टिकेल, आणि त्यात एक चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही. मी म्हटलं, "बाई गं, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात." तर तिनं आठवड्याच्या आत कामच आणून समोर ठेवलं.

काम गानवृंदाचं होतं. गाण्याच्या बाई आपल्या वृंदासाठी तयार जाकिटं मागवायच्या विचारात होत्या. भिंगरीनं त्यांना गाठलं, मावशीच्या मागावर नेलं, डाळिंबाच्या सालीत रंगवलेलं मऊ पिवळं कापड हातात दिलं. बाई विरघळल्या. रविवारी संध्याकाळी कार्यक्रम, त्याच्या आत सगळी जाकिटं हवीत, असं ठरलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग एक दिवस चहा पिताना भिंगरीनं सांगितलं, की एका मोठ्या कंपनीनं तिला नोकरीला बोलावलंय आणि सोमवारी उत्तर द्यायचंय.

"हे काम नीट झालं ना, बाबा, तर मी इथेच राहीन," ती म्हणाली. "नाही झालं तर समजेन, मला हे जमत नाही. मग मी जाते."

दादा म्हणाला, "बरं."

नुसतं 'बरं'! पोटची पोर घर सोडायचं म्हणतेय आणि हा माणूस 'बरं' म्हणून बशीत चहा ओततोय. ती जाऊ नये असं त्याला किती वाटत होतं ते मला ठाऊक होतं. ती शिकायला गेली तेव्हा तो वर्षभर तिच्या खोलीत जाऊन पंखा पुसत असे. पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ. हातातली टेप त्याच्या पाठीत हाणावी, असं मला फार वाटलं.

बेतायचं काम भिंगरीनं स्वतःकडे घेतलं. जमिनीवर कापड अंथरून, त्यावर पालथी पडून तिनं खडूनं तुकडे आखले. पाठीच्या बाकात पुढचा भाग, त्याच्या कुशीत खिसा, खिशाच्या कोपऱ्यात कॉलर, सगळं इतकं चपखल की मध्ये मुंगी शिरायला जागा नाही. कापून झाल्यावर उरलेली कातरण माझ्या एका मुठीत मावली. दादानं ती मूठ उघडून पाहिली, पुन्हा मिटली.

"टिपेला जागा?" त्यानं विचारलं.

"अर्धं बोट ठेवलंय ना. पण बाबा, यात माया ठेवायची नाही हं. मापं अगदी काटेकोर आहेत."

दादा बाहेर जाऊन पायरीवर उभा राहिला. बाप जन्मभर विसरभोळा म्हणून तिनं आपली खबरदारी घेतली, प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूनं ठळक लिहून टाकलं: माया नाही. मग ती रंगाऱ्याकडे पळाली. दुपारी मी पाहिलं तर दादा एकेक तुकडा घेऊन ब्रशनं झाडत होता. नुसती खडूची धूळ झटकतोय, असं मला वाटलं. पुढचे दिवस तो मशीनवर, मी काज-बटणांवर. मी समोरचं बघणारी, आतल्या शिलाईकडे बघायला मला सवड कुठे?

शनिवारी दुपारी वृंदातल्या बाया जाकिटं घालून बघायला आल्या. खर्जात गाणारी बाई अंगानं जरा भरलेली. तिचं जाकीट पुढे येईचना. आम्ही म्हटलं, असेल. मग सगळ्यांत काटकुळी मुलगी आली, तिचंही जेमतेम आलं. गाण्याच्या बाईंनी मात्र पोट आत घेऊन बटणं लावली आणि म्हणाल्या, "बघू तरी गाता येतं का." त्यांनी श्वास भरला. बटण तुटलं नाही, ते मी लावलेलं होतं. बाईंचा सा मात्र तिथेच तुटला.

भिंगरीचा चेहरा कापडासारखा पिवळा पडला. "माझंच माप चुकलं," ती म्हणाली. "सगळ्यांची मापं चुकली. मला नाही जमत हे." आणि आतल्या खोलीत जाऊन तिनं दार लोटून घेतलं.

मला राग आला की मी हाताशी येईल ते उलटं करते. मी बाईंचं जाकीट उलटं केलं आणि किंचाळले. आत शिलाईच्या दोन्ही बाजूंना कापड ऐसपैस पसरलेलं. मी बोट लावून पाहिलं. दीड बोट! दुसरं उलटं केलं, त्यातही दीड बोट.

"दादा! अरे, अर्ध्या बोटावर टीप मारायची होती. तू काय केलंस हे?"

दादानं जाकीट हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि मटकन स्टुलावर बसला. "हात गेला नेहमीसारखा," तो म्हणाला.

"हात गेला! आणि तिनं एवढं खडूनं लिहून ठेवलं होतं, ते?"

"पुसलं."

"न वाचताच?"

"वाचलं."

आता मात्र माझी सहनशक्ती संपली. गिऱ्हाइकांसमोर बोलू नये ते मी बोलले. आईनं तुला जन्म देताना जीभ द्यायची राहिली का, इथपर्यंत गेले. दादानं ते सगळं ऐकून घेतलं. मग जाकिटाकडे बघतच म्हणाला, "चिमणे, सोमवारी ती जायचं म्हणतेय. आणि जाताना पोरगी प्रत्येक तुकड्यावर लिहून ठेवते, माया नाही. ते तसंच आत ठेवून वरून टीप कशी मारू मी?"

मी हातातलं दुसरं जाकीट हळूच सुलटं केलं. दार कधी उघडलं होतं कोण जाणे, भिंगरी उंबऱ्यात उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "अहो, ती शिलाईतली माया!"

"ते कळतं मला. मास्तर आहे मी."

"मग?"

"कळतं गं. पण हाताला कोण सांगणार?"

ती धावत आली आणि त्याच्या गळ्यातल्या टेपेसकट त्याला मिठी मारली. रडत होती की हसत होती ते मला ठरवता आलं नाही, कारण मी स्वतः दोन्ही करत होते.

डोळे मात्र तिनंच आधी पुसले. जाकिटाच्या आतलं कापड बोटानं मोजलं आणि म्हणाली, "अहो, म्हणजे माप बरोबर आहे! कापड कुठे गेलेलंच नाही, सगळं आतच आहे. उसवूया!"

मग काय विचारता. मी सगळ्यांच्या हातात सुया आणि छोट्या कात्र्या कोंबल्या. गाण्याच्या बाई उसवायला बसल्या, खर्जवाली बसली, विणणारी मावशी आवाज ऐकून आली ती तिथेच बसली. वर तोंडानं तालीम चालूच. दादा मशीनवर. दोनदा त्याचा हात पुन्हा दीड बोटाकडे सरकला, तेव्हा भिंगरीनं शेजारी उभं राहून कापडावर स्वतःचं बोट धरलं. "इथे, बाबा. इथे." जुन्या टिपेची भोकं तेवढी राहिली होती, पण मावशीच्या हातचं कापड, पाणी शिंपडून गरम इस्त्री फिरवली की दोरे सरकून भोकं आपोआप मिटत होती. दिवेलागणीला शेवटचं जाकीट खुंटीला लागलं.

"माझी चूक असती तर आज याच्या चिंध्या झाल्या असत्या," भिंगरी कबूल झाली. "तुमची होती म्हणून निभावलं."

"माझ्या कातरीनं कापलं असतं तर पोतंभर कातरण निघाली असती," दादा म्हणाला. एका दमात एवढं मोठं वाक्य त्यानं वहिनीला मागणी घालतानाही उच्चारलं नसेल.

रविवारी कार्यक्रम झाला. बायांनी भरपूर श्वास घेतले, जाकिटांनी ते घेऊ दिले. गाणं कसं होतं ते दादाला विचारू नका, तो शिलाया बघत होता.

सोमवारी सकाळी भिंगरी आत फोनवर बोलत होती. दादा रिकामं मशीन चालवत होता आणि मी लावलेलीच बटणं पुन्हा लावत होते. ती बाहेर आली.

"सांगितलं त्यांना, येत नाही म्हणून."

"बरं," दादा म्हणाला, आणि मी टेप उचलली.

"पण माझी एक अट आहे," भिंगरी घाईनं म्हणाली. "यापुढे बेतायचं आणि कापायचं मी. माया ठेवेन, पण एक बोट."

"दीड."

"एक, बाबा."

आमच्या धंद्यात ज्याच्या हाती कातर तो मास्तर. दादानं ती कातर वडिलांकडून घेतली त्या दिवसापासून मलासुद्धा हात लावू दिलेला नाही.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"तुम्ही शिवायचं. मी सांगेन तसं."

दादानं कातर उचलली, सदऱ्याला पुसली आणि मूठ तिच्याकडे करून टेबलावर ठेवली. मग उठून थेट दारात गेला. समोर रंगारी कापडं वाळत घालत होता. आणि हा माझा मुका भाऊ अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "अरे, ऐकलंस का? मला नोकरी लागली!"